मानमोडी आणि कोरोना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात आंबी, तालुका मावळ, येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी दोन महिन्यांपूर्वी पत्र पाठवून आम्ही या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली आणि विषय मात्र आमच्यावरच सोपविला. निवृत्त शिक्षकाच्या हाती विषय मोकळा सोडणे हे धाडसाचेच काम होय! शिक्षणाचे महत्त्व, तरुणांची कर्तव्ये, लग्नातील उधळपट्टी असे सिद्ध विषय आमच्या पोतडीत पुष्कळ आहेत आणि आपण सर्वांनी ते यापूर्वी मोठ्या सहनशीलतेने ऐकूनही घेतले आहेत. परंतु या खेपेस आम्ही बुद्ध्याच एक अप्रिय विषय निवडला आहे. तो म्हणजे कोरोनाची साथ. ‘झाले गेले गंगेला मिळाले, आता कशाला ते उगाळायचे?’ असे कित्येकांनी आम्हांस बोलूनही दाखविले. त्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. तथापि अशीच एक साथ आपल्या पणजोबा-आजोबांच्या काळी येऊन गेली होती आणि ती आपण इतकी पूर्णपणे विसरून गेलो, की २०२० साली ‘असे पूर्वी कधी घडलेच नव्हते’ असे जो तो म्हणू लागला. वस्तुतः ते घडले होते, याच मावळात आणि याच इंद्रायणीच्या काठी घडले होते.

त्या साथीस लोक ‘मानमोडी’ म्हणत. आमची आजी त्या वेळी तेरा-चौदा वर्षांची होती. ताप भरला की धडधाकट माणूस मान टाकून पडे, म्हणून हे नाव पडले, असे ती सांगे. एकास स्मशानात पोचवून मंडळी परततात तो दुसऱ्याची तयारी करावी लागे. पुढे पुढे तर खांदा द्यावयास चार माणसेही मिळेनाशी झाली. लहानपणी आम्हांस ही म्हातारीची अतिशयोक्ती वाटत असे. पुढे शिक्षकी पेशात असताना इतिहासाची पुस्तके चाळण्याचा नाद लागला, तेव्हा आजीने त्यात पदरचे काही घातले नव्हते हे कळून चुकले.

ही साथ म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. पहिले महायुद्ध अद्याप संपावयाचे होते. सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजांबरोबर हा रोग जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरला आणि प्रथम गोदीवर पहारा करणाऱ्या पोलीस शिपायांत दिसून आला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात जी दुसरी लाट आली ती मात्र काळरात्रच ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईहून रोग पुण्याकडे कोणत्या वाटेने आला असेल, हे मावळच्या माणसास सांगावयास नको. १८६३ साली खंडाळ्याचा घाट रेल्वेने बांधून काढल्यापासून मुंबईची प्रत्येक बरी-वाईट गोष्ट काही तासांत लोणावळा-तळेगावास पोचू लागली होती. गिरण्या भीतीने ओस पडल्या, चाकरमानी गावाकडे धावले आणि गाठोड्याबरोबर तापही घेऊन आले. रेल्वेच्या फाट्यांवरून हा रोग हिंदुस्थानभर पसरला. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. धान्य महागले होते, अर्धपोटी माणसांच्या अंगात त्राण नव्हते, आणि जे थोडेबहुत पीक शेतात उभे होते ते कापावयास हात उरले नव्हते.

संपूर्ण देशात किती माणसे दगावली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंतचे अंदाज केले गेले आहेत. एवढे मात्र निर्विवाद की, या देशात शिरगणती सुरू झाल्यापासून ज्या एकाच दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ते १९११ ते १९२१ चे दशक होय. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते. तो रोग म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या कर्त्या माणसांना अधिक भोवला आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी तीच, सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणारीही तीच. मग दुसरे काय होणार?

त्या वेळी सरकारी यंत्रणा तोकडी पडली, दवाखाने भरून गेले, कित्येक डॉक्टर युद्धावर होते. मग कोण धावून आले? नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध, दूध घेऊन हिंडले आणि त्यांच्या बरोबरीने मुंबईतील निरनिराळ्या ज्ञातींच्या संस्थांनी आपापल्या परीने तात्पुरती इस्पितळे व औषधकेंद्रे चालविली. ज्ञातिमंडळे म्हणजे केवळ वधूवर-सूची छापणारी आणि वर्षातून एकदा जेवणावळ घालणारी मंडळे, अशी थट्टा आमच्या शहरी बंधूंकडून पुष्कळदा ऐकावयास मिळते. त्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा. (वधूवर-सूचीची निंदा आम्ही करीत नाही. आमच्या दोन्ही सुना तिच्याच कृपेने घरात आल्या!)

एवढा संहार झाला, परंतु त्याचे एखादे स्मारक आपण पाहिले आहे काय? प्लेगाच्या आठवणी पुण्यात पावलोपावली आहेत. रँडसाहेबाचा वध, चापेकर बंधूंचे बलिदान, हे शाळकरी पोरही सांगेल. मुंढव्याहून प्लेगाने पछाडलेले पोर पाठीवर घालून डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणणाऱ्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचे पुण्यस्मरण आपण दरवर्षी करतो. मानमोडीने प्लेगाहूनही अल्पकाळात अधिक माणसे नेली. तरी तिचे नाव आज म्हाताऱ्यांच्या शिव्याशापांपुरते उरले आहे. कारण ती घरोघर झाली. जे दुःख सर्वांचेच असते त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

रोगाचे कारणही त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. एका जंतूवर संशय होता, पण तो खोटा ठरला. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसातून वेगळा काढण्यास १९३३ साल उजाडावे लागले. विषाणू हा जंतूहूनही कितीतरी सूक्ष्म. तो स्वतः होऊन वाढू शकत नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रतिकृती करवून घेतो. आगंतुक पाहुण्याने घरधन्यालाच चुलीपुढे बसवावे, तसा हा प्रकार. कोरोना हे कूळ त्याहून निराळे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या भोवती मुकुटासारखे काटे दिसले, म्हणून १९६८ साली त्यास लॅटिन भाषेतील मुकुटाचे नाव मिळाले. त्या कुळातील एक नवा विषाणू डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान शहरी प्रकट झाला. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आपल्या देशातील पहिला रुग्ण सापडला आणि ९ मार्च रोजी महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले. दुबईहून परतलेले ते एक दांपत्य होते. त्यांस नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. सावित्रीबाईंच्या पुण्यतिथीस एक दिवस उणा होता. पुढे चारच दिवसांनी सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तोही १८९७ सालचा, प्लेगाच्या वेळचाच!

या संकटात आपल्या जिल्ह्याने जे केले त्याचा अभिमान आम्ही लपवू इच्छित नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली स्थापन झाली. तेथे हा विषाणू वेगळा काढण्यात आला आणि त्यावरूनच कोव्हॅक्सिन ही स्वदेशी लस सिद्ध झाली. आपल्या लोणावळ्यात कारखाना असलेल्या मायलॅब या कंपनीने देशी बनावटीचा पहिला चाचणीसंच तयार केला व त्यास मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली. या संचाच्या संशोधनाची धुरा ज्यांनी वाहिली त्या मीनल दाखवे-भोसले त्या वेळी दिवस भरलेल्या होत्या. संच तपासणीसाठी सुपूर्द केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कन्यारत्न झाले. आमच्या शाळेतील मुलींना हे सांगण्याची संधी आम्हांस मिळाली नाही, कारण तोवर आम्ही निवृत्त झालो होतो; परंतु नातींना मात्र वारंवार सांगून आम्ही त्रस्त केले आहे. मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड लस तर देशातील बहुसंख्य दंडांत गेली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी मात्रा पूर्ण झाल्या. १९१८ च्या माणसाला यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. त्याच्या हाती फक्त काढा होता आणि देवाचा धावा होता.

आता कौतुकाचा भाग संपला. पुढचे थोडे कडू आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी पुकारली गेली. मावळात गावोगावी रस्त्यावर काटेरी फांद्या व दगड टाकून वेशी बंद झाल्या. तळेगाव औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय मजूर डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरे घेऊन महामार्गाने चालू लागले. आणि मुंबईहून आलेल्या आपल्याच ज्ञातिबांधवांना आपल्याच भाऊबंदांनी वेशीवर अडविले, चौदा दिवस शाळेच्या पडवीत ठेवले, हेही खरे. भीती स्वाभाविक होती. विलगीकरण तर शास्त्रानेही सांगितले होते. पण पडवीत ठेवणे निराळे आणि पाण्याचा तांब्या लांबून सरकवून तोंड फिरविणे निराळे. ज्यांच्या मनीऑर्डरींवर गावची घरे उभी राहिली, त्यांच्या मनात हा सल अजून आहे. गेल्या दोन वर्षांत या संमेलनास मुंबईकरांची उपस्थिती रोडावली, याचे कारण केवळ रेल्वेची गर्दी नव्हे.

त्या वर्षी वारीही झाली नाही. देहू येथून तुकोबांच्या आणि आळंदीहून माउलींच्या पादुका ३० जून २०२० रोजी एस.टी.च्या गाडीतून, मोजक्या माणसांसह पंढरपुरास गेल्या. आपली इंद्रायणी येथून खाली देहूस आणि तेथून आळंदीस जाते. या नदीकाठच्या माणसास रिकामा पालखीमार्ग काय वाटला असेल हे शब्दांत सांगणे आम्हांस शक्य नाही. परंतु वारकरी मंडळींनी ते मानले. हा मुद्दा कृपा करून ध्यानात ठेवावा; त्याचे आम्हांस पुढे काम आहे.

२०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट आली. आधीच्या वर्षी वर्तमानपत्रात वाचलेली मृत्यूची बातमी या वर्षी शेजारच्या दारी आली. खाट मिळाली तर प्राणवायू नाही, प्राणवायू मिळाला तर इंजेक्शन नाही, असा तो काळ. आमचा एक विद्यार्थी तळेगावच्या कारखान्यात कंत्राटी कामावर होता, वय अडतीस. त्याच्या धाकट्या भावाने मोटारीत घालून त्यास रात्रभर सात ठिकाणी फिरविले. एका खाजगी इस्पितळाच्या दारावर आधी अनामत रक्कम मागितली गेली; ती जमवीपर्यंत पहाट झाली. पुढे पिंपरीस जागा मिळाली, पण आठव्या दिवशी तो गेला. त्याचे तोंड घरच्यांना पाहावयास मिळाले नाही. त्याची पत्नी त्या वेळी एकतीस वर्षांची होती. मुलगा चौथीत, मुलगी बालवाडीत. मुलाची शाळा तर मार्च २०२० पासूनच बंद होती. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडला. घरातील एकुलता मोबाईल बापाबरोबर इस्पितळात गेला, तो परत आला नाही. तेव्हा त्या मुलाची ‘ऑनलाईन शाळा’ कोणत्या प्रकारची झाली असेल ते आपणच ताडावे.

महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसे या रोगाने गेली. साऱ्या जगात २०२० व २०२१ या दोन वर्षांत मिळून सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे मोठे आकडे कानावरून जातात आणि विसरले जातात. आपल्यापुरते सांगावयाचे तर, त्या वर्षीच्या आपल्या स्मरणिकेत श्रद्धांजलीची पाने जाहिरातींच्या पानांहून अधिक भरली. ज्यांच्यापाशी तो अंक असेल त्यांनी घरी गेल्यावर ती पाने एकवार उलटावीत. बहुतेक चित्रे पुरुषांची आहेत. आणि कित्येकांचे केस काळे आहेत.

म्हणजे मानमोडीने आपल्या घरांतून आया नेल्या आणि कोरोनाने बाप नेले. जे बाप गेले त्यांच्या मागे राहिलेल्या भगिनी आज या मंडपात आहेत. बहुतेक मागच्या रांगेत आहेत. काही स्वयंपाकाकडे आहेत. त्यांना तेथे कोणी पाठविले नाही. त्या आपण होऊन गेल्या. तेच आम्हांस अधिक खुपते. कारण संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी दोन वाजता ‘सौभाग्यवती भगिनींसाठी हळदीकुंकू’ असे छापलेले आहे.

सरकारने आई-बाप दोन्ही गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवली, मृताच्या कुटुंबास पन्नास हजार रुपये सानुग्रह साहाय्य दिले, एकल झालेल्या भगिनींसाठी ‘मिशन वात्सल्य’ नावाने तालुक्या-तालुक्यास समित्या नेमल्या. आपल्या मंडळाच्या तरुणांनी वडगावच्या तहसील कचेरीत खेटे घालून कित्येकींचे अर्ज भरून दिले, याबद्दल त्यांची पाठ थोपटावी तेवढी थोडीच. परंतु कुंकवाचा करंडा पुढे येताच तिने मागे सरावे, ही गोष्ट काही तहसीलदाराच्या अखत्यारीत नाही. ती आपल्या अखत्यारीत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावी होणार नाहीत. त्यामागे कोरोनात तरुणपणी विधवा झालेल्या स्त्रियांचे दुःख होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे आवाहन केले. हेरवाड हे काही मोठे शहर नव्हे. तेथेही आपल्यासारखेच शेतकरी, नोकरदार आणि आपल्यासारखेच वडीलधारे लोक राहतात.

आमचे ज्येष्ठ स्नेही म्हणतील, ‘गुरुजी, हे शास्त्राला सोडून आहे, रूढीला सोडून आहे.’ त्यांचा आम्हांस आदर आहे आणि त्यांच्याशी वाद घालण्याइतके शास्त्र मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या प्राथमिक शिक्षकास येत नाही. आम्ही फक्त आठवण करून देतो. २०२० आणि २०२१ साली आपल्या घरांत दशक्रिया कशा झाल्या? कोणाची पाच माणसांत, कोणाची झालीच नाही. कित्येकांच्या अस्थी लॉकडाऊन उठेपर्यंत गाठोड्यात झाडाला टांगून ठेवाव्या लागल्या. तेरावे टळले. लग्ने पन्नास माणसांत उरकली. एका लग्नात मामाने मोबाईलवरून अक्षता टाकल्या आणि त्या पडल्या असे सर्वांनी मानले. प्रत्यक्ष पांडुरंगाच्या भेटीस संतांच्या पादुका एस.टी.ने गेल्या. त्या वेळी कोणीही शास्त्र मोडले असे म्हटले नाही. उलट जीव वाचविणे हाच धर्म, असे आपणच एकमेकांस सांगितले, आणि योग्यच सांगितले. मग विषाणूसाठी जे वाकले, ते एकतीस वर्षांच्या मुलीसाठी वाकू नये, हे कोणते शास्त्र?

दुसरा आक्षेप असा येतो की, ‘त्या भगिनींनाच ते नको असते, आग्रह केला तर त्या संकोचतात.’ हे अंशतः खरे आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीस आमच्या कुटुंबाने घरच्या हळदीकुंकवास बोलाविले, तेव्हा ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा आमच्या नव्वदीच्या काकू, ज्या स्वतः चाळीस वर्षे विधवा आहेत, काठी टेकीत तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चल ग, मलाही लावायचंय, एकटीला लाज वाटते.’ दोघी बरोबर आल्या. पुरुषांच्या भाषणांपेक्षा असल्या एका काकूचा उपयोग अधिक होतो, असा आमचा अनुभव आहे.

ज्या १८९६ सालच्या अखेरीस मुंबईत प्लेग हाहाकार माजवीत होता, त्याच साली अण्णासाहेब कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढून विधवांच्या शिक्षणास प्रारंभ केला होता. त्यांच्यावर पुण्यात व त्यांच्या मुरुड गावी बहिष्कार पडला होता. आपल्यावर तसे काही संकट यावयाचे नाही. फार तर दोन-चार मंडळी न जेवता जातील. आणि आजचा बेत पाहता तीही शक्यता आम्हांस कमीच वाटते.

तेव्हा अध्यक्ष महाशय, आमची विनंती अशी आहे. पत्रिका छापून झाली आहे, ती आता बदलता यावयाची नाही; पण ध्वनिक्षेपकावरून जी सूचना द्यावयाची आहे, तीत ‘सौभाग्यवती’ हा शब्द गाळून केवळ ‘सर्व भगिनींसाठी’ असे म्हणावे. पुढील वर्षापासून छापतानाही तसेच छापावे. मंडळाने साथीत कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबांची यादी करावी आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी जे साहाय्य द्यावयाचे ते व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून न देता थेट शाळेत भरावे. आणि मुंबईकर बांधवांना पुढील संमेलनाचे आमंत्रण टपालाने न पाठविता गावातील चार जणांनी जाऊन द्यावे.

या आशयाचा ठराव आम्ही स्वच्छ अक्षरात लिहून चिटणीसांकडे दिला आहे. सूचक म्हणून खाली आमची सही आहे. अनुमोदकाची जागा एका भगिनीच्या सहीसाठी कोरी ठेविली आहे. भोजनापूर्वी तो सभेपुढे यावा.